तानाबाईचं कोळवं

सावळाराम पैलवानानं तेहेतीस पौंड वजन कसं उतरवलं, असं चिखलीत कुणालाही विचारा. तो सांगेल, खंडोबाच्या नवसानं. परवा तर पारावर एक जण छातीठोकपणे सांगत होता, की पैलवानाचं मनच मुळी पोलादी. मी घागर घेऊन चालले होते. घागर खाली ठेवली आणि त्याला चांगलं सुनावलं. पोलादी म्हणे. कारखान्याच्या फाटकापाशी भज्यांचा घाणा पडला की ज्याची सायकल आपोआप तिकडं वळायची, त्याचं मन पोलादी.

मी इंदू. सावळारामभावजी माझे धाकटे दीर आणि त्यांची बायको तानाबाई माझी धाकटी जाऊ. एकाच चुलीवर आम्ही दोघींनी सात वर्षं भाकऱ्या भाजल्या. मी तळेगाव दाभाड्याची, चौथी शिकलेली, त्यामुळं माझी जीभ शहरी आणि गरजेपेक्षा लांब आहे असं सासूबाई म्हणायच्या. ताना चाकणजवळच्या खेड्यातली, अक्षरशत्रू, चार चौघांत पदराआड राहणारी. आत्ता ती आत बसून शेंगा फोडते आहे आणि तिथूनच मला म्हणते आहे, आक्का, जाऊ द्या की. तिच्या या 'जाऊ द्या'चा मला मनस्वी संताप येतो. जाऊ देऊन देऊनच सगळं तिच्या अंगाशी आलं.

छप्पन्न सालची गोष्ट. चिंचवडला बाटल्यांचा कारखाना निघाला आणि आमच्या गावातले चार-पाच जण तिथं लागले, त्यात भावजी. आमची जमीन दोन भावांची, विहीर चैत्रात तळाला जाणारी. घरातल्या एकानं तरी पगारावर जावं असं सगळ्यांच्याच मनात होतं. भावजी तरणेपणी आखाड्यातले. खेडच्या, आळंदीच्या जत्रेत कुस्त्या मारलेले. खांदा निखळला तेव्हा आखाडा सुटला, पण आखाड्याची भूक काही सुटली नाही. एका बैठकीला पाच भाकऱ्या, वर वाटीभर शेंगदाणे, वर गूळ. अंग सुटत गेलं. सासूबाई, म्हणजे यशोदाबाई, कौतुकानं बघायच्या आणि सहावी वाढायच्या.

वर्षभर हंगामी काम केल्यावर कायम करायच्या आधी कारखान्याच्या डॉक्टरनं सगळ्यांना तपासलं. भावजींच्या लघवीत साखर निघाली आणि वजन भरलं दोनशे चौदा पौंड. डॉक्टरनं सांगितलं, सहा महिन्यांत वजन एकशे पंच्याऐंशीच्या आत आलं आणि साखर गेली तर कायमच्या कागदावर सही करतो. नाहीतर दुसरा माणूस घेतील. दसऱ्यानंतरचे दिवस होते, म्हणजे मुदत चैत्रापर्यंत.

घरी येऊन भावजी हसतच सांगायला लागले. साखर निघाली म्हणजे काय, माझा घाम पण गोड असेल, वगैरे. ताना हसली नाही. आमचे सासरे याच साखरेनं गेले होते. पायाला बाभळीचा काटा लागल्याचं निमित्त झालं, जखम सहा महिने भरली नाही, शेवटी पाय काळा पडला. ती जखम रोज धुणारी ताना होती. सासूबाईंना तो वास सहन व्हायचा नाही, आणि मी, खरं सांगते, मुलाचं निमित्त काढून माहेरी निघून जायचे. तेव्हा साखर म्हणजे काय हे घरात कुणाला माहीत असेल तर ते त्या अडाणी बाईला.

आता त्या डॉक्टरचं शहाणपण ऐका. पुण्याचा, तरणा, चष्मेवाला. म्हणाला, भाकरी बंद करा, भाकरी जड असते. डब्यात पाव न्या, डबलरोटी. हलकी असते, आजाऱ्याला चालते. झालं. भावजींनी पिंपरीच्या सिंध्यांच्या कँपातल्या भट्टीवरून पाव आणायला सुरुवात केली. सासूबाईंनी नाक मुरडलं, पण साहेबानं सांगितलं म्हटल्यावर गप्प बसल्या. सकाळी अख्खा पाव चहात बुडवून, आणि चहात साखर किती, ते विचारूच नका. दुसरा पाव डब्यात. दुपारी तो चार घासांत संपायचा, पोटात आग तशीच, मग फाटकापाशी भजी. पंधरा दिवसांनी काट्यावर उभे राहिले तर दोन पौंड वाढलेले. डॉक्टरनं पाव किती खायचा ते सांगितलं नव्हतं, आणि भावजींनी विचारलं नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकायच्या, दुसरं काय.

त्या संध्याकाळी तानानं एका हातात पाव घेतला आणि एका हातात भाकरी. मग तिनं पाव मुठीत धरून दाबला. एवढा मोठा पाव, त्याचा लिंबाएवढा गोळा झाला. माझ्यासमोर तो गोळा धरून म्हणाली, "आक्का, ही हलकी न्हाई. ही फुगलेली हाय."

बस्स. कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं फडताळातून लाकडी कोळवं काढलं. कोळवं म्हणजे शेराचा आठवा भाग, दोन मुठी पीठ बसेल एवढं माप. आम्ही त्यानं मीठ-मिरची मोजायचो. तिनं त्यात शाळूचं पीठ भरलं, बोटानं सपाट केलं, परातीत ओतलं. त्यात बारीक चिरलेली मेथी घातली, ढीगभर, पीठ दिसेनासं होईपर्यंत. उकळतं पाणी घालून मळलं आणि त्या एवढ्याशा गोळ्याच्या दोन भाकऱ्या थापल्या. अशा पातळ, की माझ्यानं त्या तव्यापर्यंत अखंड गेल्या नसत्या. आकारानं ताटाएवढ्या. तेलाचा थेंब नाही. मग मोड आलेली मटकी उकडून, कांदा, मुळ्याचा कीस, हिरवी मिरची असं भाकरीवर पसरलं आणि भाकरी गरम आहे तोवर गुंडाळी केली. फडक्यात घट्ट बांधली की दुपारपर्यंत मऊ. कधी मेथी, कधी चाकवत, कधी मुळ्याचा पाला. बाजरी तिनं बंद केली, कारण बाजरीची भाकरी पातळ थापली की फुटते आणि जाड थापली की माप मोडतं. कण्या, भात, गूळ बंद. सोबत तांब्याभर ताक. बघणाऱ्याला भरगच्च डबा दिसायचा, आणि पीठ आत एक कोळवं.

पण आमच्याकडं कुणाच्या भाकरीला माप लावत नाहीत. पाहुणा असो, गडी असो, भिकारी असो, भाकरी मोजली की बरकत जाते आणि मोजणारी अवदसा ठरते. सासूबाईंनी ते कोळवं बघितलं आणि त्यांचा तोल गेला. माझ्या लेकाच्या ताटाला माप लावती, बापाच्या मागं लेकाला घालवायला निघाली, आसं कुठं बघितलं न्हाई, असं दारात उभं राहून आळीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. तानानं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोळवं काढलं. मग म्हातारीनं दुसरा मार्ग धरला. डबा बांधायच्या वेळी ताना पाणी आणायला गेली की गुंडाळी उलगडायची, आत लोण्याचा गोळा ठेवायचा, पुन्हा गुंडाळायची. फडक्याला तेलकट डाग यायला लागले तेव्हा तानाच्या ध्यानात आलं. त्या दिवसापासून डबा बांधून झाला की तो घेऊनच पाण्याला जायला लागली. काखेत डबा, डोईवर घागर. मी पोटात दुखेपर्यंत हसले होते.

एवढं सगळं करून महिनाअखेरीला वजन किती उतरलं? एक पौंड. मार्गशीर्ष संपत आला तरी काटा दोनशे पंधराच्या आसपासच. भावजी वैतागून म्हणायला लागले, की अंगच असं आहे, हाडं जड आहेत, उगाच छळ मांडलाय. तानानं माप पुन्हा पुन्हा बघितलं. कोळवं गळकं आहे का, पिठात काही मिसळलंय का. घरात तर कुणी काही देत नव्हतं. शेवटी एके दिवशी मला म्हणाली, आक्का, चिंचवडला भाजी घेऊन जाऊ. भाजी हे निमित्त होतं.

दुपारचा भोंगा झाला तेव्हा आम्ही कारखान्याच्या तारेच्या कुंपणापाशी पोचलो. बाहेर लिंबाच्या झाडाखाली त्यांच्या खात्यातले आठ जण गोल बसलेले. कुणी मराठवाड्यातला, कुणी साताऱ्याकडचा, घरदार तिकडं टाकून आलेले. त्यांचा नेम असा, की आपल्या भाकरीची कोर शेजाऱ्याला दिल्याशिवाय स्वतः घास उचलायचा नाही. चांगला नेम, मी नाव ठेवत नाही. परक्या गावात माणसं अशीच जगतात. पण भावजींनी ती पातळ गुंडाळी उलगडली मात्र, मुकादम दौलतराव कळवळला. हा बीडकडचा, मनानं राजा माणूस. पैलवान गड्याला घरच्यांनी पापड बांधून दिलेत, राव, असं म्हणून त्यानं आपली अर्धी बाजरीची भाकरी भावजींच्या हातावर ठेवली. मग दुसऱ्यानं कोर दिली. मग तिसऱ्यानं. सातही जणांनी. वर एकानं ठेच्यावर तेलाची धार सोडली. आणि आमचे भावजी, डोळ्यांत पाणी आणून, सगळं खात होते.

माझं डोकंच फिरलं. दोन महिने ही बाई पहाटे उठून एका कोळव्याशी झुंजते आहे, शिव्या खाते आहे, आणि इथं लिंबाखाली रोज दुपारी तीन भाकऱ्यांचा प्रसाद. मी पुढं होऊन बोलणारच होते, की हा डॉक्टरचा हुकूम आहे, ह्यांची नोकरी जाईल. तानानं माझा हात धरला. ती म्हणाली, ह्यांनी ते सांगितलं असंल, आक्का. आणि खरंच, मागाहून कळलं, भावजींनी सांगितलं होतं. सगळे हसले होते. डॉक्टर लोकांना काय कळतंय, जेवल्यानं कुणी मरत असतं का, असं म्हणून आणखी वाढलं होतं. माणसं वाईट नव्हती, पण त्यांच्या मायेपुढं कारखान्याच्या डॉक्टरच्या कागदाची काय पत्रास.

ताना डोईवरचा पदर पुढं ओढून सरळ त्या गोलापाशी गेली. परक्या पुरुषांपुढं ती कधी बोललेली नव्हती. तरी शब्द एकेक ऐकू आला.

"दौलतभाऊ, निमगावच्या खंडोबाला बोलले मी. चैत्रापस्तोर धनी माझ्या हातच्या दोन भाकरीबिगर दुसऱ्या कुणाचं अन्न तोंडात घालायचे न्हाईत. मोडलं तर माझ्या कुकवाला बाध येईल."

दौलतरावाच्या हातात कोर होती. त्यानं ती कपाळाला लावली आणि परत आपल्या फडक्यात ठेवली. वहिनी, आधी सांगायचं, आम्हाला पाप लागलं असतं, म्हणाला. त्या दिवसापासून चैत्रापर्यंत त्या सात जणांतल्या कुणीही भावजींना शेंगदाण्याचा दाणासुद्धा दिला नाही. उलट कुणी नवखा द्यायला गेला तर दौलतराव त्याचा हात धरायचा. फाटकावरच्या भजीवाल्यालाही त्यानंच दम भरला. घरी सासूबाईंच्या कानावर नवस गेला तेव्हा त्यांनी लोण्याचं मडकं शिंक्यावर टांगलं आणि हात जोडले.

मला ह्याचाच राग येतो. माणसाच्या लघवीत साखर आहे, बाप त्याच रोगानं गेला, नोकरी जाते आहे, बायको जीव तोडून सांगते आहे, ह्यातलं काही म्हणता काही कुणाच्या कानात शिरलं नाही. देवाचं नाव घेतलं आणि सगळे एका मिनिटात शहाणे. परतताना मी तिला विचारलं, नवस कधी बोललीस, मला नाही सांगितलंस. म्हणाली, आत्ताच बोलले की, त्यांच्यापुढंच. म्हणजे खोटं नाही. पुढं म्हणाली, निमगावला जाऊन तळी भरीन. झालं तिचं.

मग मात्र काटा खाली यायला लागला. पौषात दोनशे पाच. माघात एकशे शहाण्णव. भावजी पायऱ्या चढताना धापा टाकेनासे झाले. सायकलचं खोगीर सारखं बदलावं लागेनासं झालं. आळीतल्या बायकांना मात्र खाज सुटली होती. देवाला कोण बोलणार, म्हणून तानाला बोलायच्या. नवऱ्याला पाल्यावर ठेवलंय. स्वतःला कशाचा नवस नाही. पाणवठ्यावर, जात्यावर, रानात, जिथं तिथं. ती ऐकायची आणि कामाला लागायची.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना माझी मान वर होत नाही, तरी सांगते.

शाळूची काढणी चालली होती. दिवस उगवायच्या आत रानात, मावळल्यावर घरी. धाटं उपटून उपटून हाताची सालटी निघालेली. त्या दिवशी रानात एका बाईनं मला टोमणा मारला, की तुमच्या घरात एकाचा उपास आणि बाकीच्यांची चैन. माझं मस्तक तापलं ते घरी येईपर्यंत उतरलं नाही. पुरुषांचं जेवण झालं, सासूबाई उठल्या, मग आम्ही दोघी बसलो. तानाच्या ताटात तिसरी भाकरी होती. जाडजूड बाजरीची. दिवसभर शाळू उपटलेल्या बाईच्या ताटात तिसरी भाकरी, ह्यात काय नवल होतं? माझ्याही ताटात तिसरी होती. पण तोंडातून शब्द गेला.

"त्यांना दोन पापड, आणि तुझी तिसरी चाललीय. बरं आहे बाई, माप दुसऱ्यालाच."

तिनं ती भाकरी उचलली, दुरडीत ठेवली, वर फडकं टाकलं. मी माझी तिसरी खाल्ली. खाल्ली मी, काय सांगू.

दुसऱ्या दिवसापासून कोळवं दोनदा भरताना दिसायला लागलं. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा. मला वाटलं, दुसरं म्हातारीसाठी, दातांनी जाड भाकरी तुटत नसेल. वाटलं म्हणजे वाटून घेतलं. डोळे होते मला. काढणी, मळणी, दोन कोसांवरून कडबा, तीन खेपा पाणी, दळण, आणि पोटात तेच, जे सायकलवर बसून जाणाऱ्या दोनशे पौंडांच्या गड्याचं वजन उतरवायला शोधलेलं. तेही तिच्या तान्ह्या पोरीला अंगावर पाजत. फाल्गुनात तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या, तिनं त्या दोऱ्यानं बांधल्या. चोळी दोन्ही बाजूंनी टाचली. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर माझं बोलणं निघालं असतं. आमच्या ह्यांनी, अर्जुनरावांनी, एकदा म्हटलं, तानाबाई वाळलीय का गं? मी म्हटलं, उन्हाचे दिवस आहेत.

चैत्रात मुदत भरली. तिथूनच परस्पर एस.टी.नं निमगावला जाऊन नवस फेडायचा असं ठरलं, म्हणून त्या दिवशी आम्ही सगळेच चिंचवडला गेलो. भावजी, सासूबाई, पोरीला घेऊन ताना, आणि मी; अर्जुनराव तेवढे गुरांपाशी राहिले. सासूबाईंच्या ओटीत नारळ आणि भंडारा. दवाखान्याच्या दारात दौलतराव आणि बाकीची मंडळी पाळी सुटल्यावर घरी न जाता थांबलेली. आम्हा बायकांना आत भिंतीशी उभं केलं.

भावजी काट्यावर चढले. डॉक्टरनं वजनं सरकवली. एकशे एक्याऐंशी. नळीत लघवी तापवून बघितली, रंग पालटला नाही, साखर नाही. डॉक्टर खूश झाला. त्यानं भावजींच्या पाठीवर थाप मारली आणि कायमच्या कागदावर सही केली. दाराबाहेर दौलतरावानं येळकोट केला. सासूबाईंनी तिथंच डॉक्टरच्या टेबलावर भंडारा टाकला.

डॉक्टरनं विचारलं, कसं जमवलं पैलवान? शहरातल्या बड्या लोकांना सांगून सांगून थकलो मी, एकाला जमत नाही.

भावजी म्हणाले, "खंडोबाची किरपा, सायेब. आन् मन मारलं मी."

मी तानाकडं बघितलं. मला वाटलं, तिचा चेहरा उतरला असेल. तसं काही नव्हतं, ती हसत होती. कागद भावजींच्या हातात होता ना, तिला तेवढंच हवं होतं. ती पोरीला माझ्याकडं देऊन पिशवी उचलायला वाकली, आणि वाकलेली वर आली ती भिंत धरून. ओठ पांढरे. डॉक्टरचं लक्ष गेलं. त्यानं तिला बसवलं, पापणी खाली ओढून बघितली, मनगट हातात घेतलं, आणि मग तिला काट्यावर उभं केलं. जड वजन काढून घेतलं. छोटं सरकवत सरकवत मागं नेलं.

एकोणऐंशी पौंड.

भावजी पुढं झाले. काटा अडकलाय सायेब, म्हणाले, आणि त्यांनी पट्टीवर बोटानं टिचकी मारली. पट्टी हलली आणि पुन्हा तिथंच आली. त्यांनी दुसऱ्यांदा टिचकी मारायला हात उचलला आणि तो तसाच खाली घेतला. कागद दुसऱ्या हातात होता.

डॉक्टर आमच्याकडं वळला. आवाज चढवला नव्हता त्यानं.

"ह्या बाईला जेवायला कोण वाढतं?"

सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. भावजींनी सासूबाईंकडं. पाच मोठ्या माणसांचं, दोन बैलांचं, एका म्हशीचं घर आमचं. बैलांना कोण किती पेंड घालतं ते आम्ही झोपेतही सांगितलं असतं.

ताना काट्यावरून खाली उतरली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "वाढणारी मीच हाय, सायेब. त्यांचा काय दोष न्हाई."

डॉक्टरनं पुन्हा विचारलं नाही. तो माझ्याकडं बघत राहिला, कारण बहुतेक माझंच तोंड बोलायला उघडलं होतं. गावात माझ्या जिभेच्या वाटेला कुणी जात नाही. सासूला उलट बोलले आहे, तलाठ्याला बोलले आहे, पारावरच्या पुरुषांना बोलले आहे. त्या दिवशी त्या खोलीत फक्त एवढं म्हणायचं होतं, की हिची तिसरी भाकरी मी मोजली. पोर माझ्या कडेवर होती, तिनं माझा कान ओढला, मी तिला दुसऱ्या कडेवर घेतलं, आणि तेवढ्यात डॉक्टरनं पुढच्या माणसाला हाक मारली.